ठिपके पुसायचे नाहीत

त्या दुपारी डिचोलीच्या बसस्टँडसमोर एक नवाकोरा ट्रक उभा होता आणि त्याच्या नंबरातलं शून्य गायब होतं.

मी म्हापशाच्या बसची वाट बघत होते. तशी रोजच बघायचे. सकाळी पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, मग शाळा, आणि संध्याकाळी तेच सगळं उलट... सात वर्षं. खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ माझ्या साड्यांच्या काठांत अशी मुरली होती की पांढरी साडी घेणं मी सोडूनच दिलं होतं. एकतिसावं लागलं होतं. कुणी पस्तीस म्हटलं असतं तरी मी भांडले नसते. भांडायलाही अंगात काही उरावं लागतं.

ट्रकचा ड्रायव्हर विठ्ठल मात्र पोटभर भांडत होता. त्याच्यासमोर एक उंच, सावळा माणूस उभा होता. एक ब्रश हातात, दुसरा कानावर.

“भैरू, अस्नोड्यार पोलिसान धरल्यान माका. कागदार दोन हजार चौतीस आणि गाडयेर दोनशे चौतीस. माझो झिरो खय गेलो?”

“जाईल कुठं? काढलाच न्हवता,” तो माणूस शांतपणे म्हणाला. “मी तुला सांगितलं व्हतं, शून्यं शेवटाला काढतो, जरा चा पिऊन येतो. तू गाडी घेऊन गेलास. पण जागा सोडल्याली हाय बग मधी. दोन, मग जागा, मग चौतीस.”

“पोलिसाक जागा वाचूक येता?”

मला हसू आलं. दिवसभरातलं पहिलंच असावं. आणि नको असताना तोंडातून निघून गेलं, “बॅबिलोनमध्येसुद्धा नेमकं हेच झालं होतं. चार हजार वर्षांपूर्वी.”

दोघांनी वळून माझ्याकडे बघितलं.

“कोणाच्या गाडयेक?” विठ्ठलने विचारलं.

“गाडीला नाही हो. त्यांच्याकडे शून्याला खूणच नव्हती. मातीच्या पाटीवर आकडे उमटवायचे आणि शून्याच्या जागी नुसती जागा सोडायचे. लिहिणाऱ्याला कळायचं. वाचणाऱ्याला कळायचं नाही.”

आता तरी पटलं का, अशा नजरेने विठ्ठलने भैरूकडे बघितलं. भैरू मात्र माझ्याकडे बघत होता. डोळे बारीक करून, बोर्डावरची ओळ सरळ आलीय का हे बघावं तसा.

“मग?” तो म्हणाला. “मग त्यांनी काय केलं?”

सात वर्षांत वर्गातल्या एकाही मुलाने मला ‘मग?’ म्हणून विचारलं नव्हतं. मी उत्तर देणार तोच बस आली. पायरीवर पाय ठेवता ठेवता मी म्हणाले, “उद्या सांगते.”

का म्हणाले, देव जाणे.

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळून तीन वर्षं झाली होती. कोकणी राजभाषा झाली होती, नव्या गाड्यांना ‘जीए ०१’ने सुरू होणारे नंबर मिळत होते, आणि आमच्या स्टाफरूममधला भाषेचा वाद काही संपत नव्हता. नोव्हेंबरातल्या विज्ञान प्रदर्शनाचे फलक मराठीत असावेत की कोकणीत, यावर दोन तास गेले. मी गणिताची शिक्षिका, टेबलावर डोकं टेकून ऐकत होते. हेडमास्तरांनी ‘शून्याचा जन्म’ हा विषय माझ्या गळ्यात मारला तेव्हा कुणीतरी म्हणालं की शून्याला दोन्हीकडे शून्यच म्हणतात, आणि त्या एका कारणाने माझा विषय बिनविरोध पास झाला. सहा फलक करायचे होते. ते रंगवून घ्यायला मी भैरूकडे गेले. दुसऱ्या कुणाकडे जाणार? खरं सांगायचं तर जाता आलं असतं. म्हापशाला चांगले दोन पेंटर होते.

भैरूचं दुकान स्टँडच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. ‘भैरू आर्ट्स. नंबर प्लेट, बोर्ड, बॅनर.’ तो मूळचा चंदगडकडचा, घाटावरचा. सातवीनंतर शाळा सुटली, खाणीवर कामाला म्हणून डिचोलीत आला आणि हात चांगला म्हणून ब्रश धरला. चौतीस वर्षांचा होता, बिनलग्नाचा. “तीन भणींची लग्नं केली, टीचर. माझं राहूनच गेलं बगा,” असं तो म्हणायचा, छत्री बसमध्ये राहिल्याचं सांगावं तितक्या सहज.

“शून्य शेवटाला का काढता?” मी पहिल्याच दिवशी विचारलं.

“बाकीचे आकडे हात काढतो. शून्याला श्वास लागतो.” त्याने पत्र्यावर दाखवलं. श्वास रोखून डावीकडची कमान, तोच श्वास धरून उजवीकडची. दोन टोकं खाली जुळली तेव्हा त्याने श्वास सोडला. “मधी श्वास घेतला की पोट सुटतं शून्याचं. म्हणून दिवसभराची सगळी शून्यं एकदम काढतो, मन जाग्यावर असलं की.”

“आज आहे जागेवर?”

“सकाळपास्नं व्हतं,” तो म्हणाला आणि ब्रश धुवायला वळला.

शाळा सुटायची चारला, माझी बस चार चाळीसला. ती चाळीस मिनिटं भैरूच्या दुकानात जायला लागली. मी सांगायचे, तो नंबर प्लेटच्याच पत्र्याच्या मोठ्या तुकड्यांवर रंगवायचा. बॅबिलोनवाल्यांनी पुढे कित्येक शतकांनी कोऱ्या जागेत दोन तिरक्या खुणा करायला सुरुवात केली, हे सांगितलं तेव्हा त्याला हायसं वाटलेलं दिसलं. “आलं शेवटी ध्यानात,” तो म्हणाला, जणू ते लोक त्याच्या ओळखीचेच होते.

बसायला एक लाकडी स्टूल होतं. तांबड्या धुळीचा थर रोजचाच. पहिल्या दिवशी त्याने ते आपल्या रंगाच्या फडक्याने पुसलं आणि माझ्या साडीला मागे निळा पट्टा लागला. दुसऱ्या दिवशी खिळ्याला एक नवं पिवळं फडकं लटकत होतं. त्या फडक्याने तो स्टुलाखेरीज दुसरं काहीही पुसत नसे. मी ते बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवलं. दिवसभर चाळीस पोरांकडे बघून थकलेल्या डोळ्यांना ते पिवळं फडकं दिसलं की बरं वाटायचं, एवढं मात्र मी मनाशी कबूल केलं.

एक भांडणही झालं. चित्रं मी म्हापशाच्या वाचनालयातल्या पुस्तकांतून झेरॉक्स करून आणायचे. बॅबिलोनच्या फलकावर भैरूने झेरॉक्सच्या काचेवरचे तीन डागसुद्धा इमानेइतबारे उतरवले. हेडमास्तरांनी विचारलं, हे काय, माश्या? त्या दिवशी सलग पाच तास माझेच होते, वर आठवीच्या वह्या, वर डोकेदुखी. मी तडक दुकानात जाऊन त्याच्यावर राग काढला. “भैरू, घाण आहे ती काचेवरची. अक्कल वापरा थोडी. ठिपके दिसले की पुसायचे.” आणि फलकाच्या कोपऱ्यात त्याने ‘भैरू आर्ट्स’ लिहिलं होतं, त्यावरही बोट ठेवलं. “हेही पुसा. शाळेत जाहिरात नको.”

त्याने दोन्ही पुसलं. मी बसमध्ये बसले आणि म्हापसा येईपर्यंत स्वतःला बोल लावत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी भाजी-पाव घेऊन गेले. माफी मागायची सवय नव्हती, पाव बरा पडतो.

“टीचर, पुढं सांगा,” तो पाव मोडत म्हणाला. “ते राजस्थानातले सर.”

भिनमाळच्या त्या गणितीचं नाव मी त्याला तीनदा सांगितलं होतं. तो त्यांना ‘भिनमाळचे सर’च म्हणायचा. तेराशे वर्षांपूर्वी त्यांनी शून्याचे नियम पहिल्यांदा मांडले, हे मी सांगितलं. शून्यात शून्य मिळवलं की शून्य. कुठल्याही संख्येला शून्याने गुणलं की शून्य. “आणि शून्याला शून्याने भागलं तर काय, तेही त्यांनी लिहिलं. शून्य, असं लिहिलं. ते चुकलं.”

भैरूचा घास हातातच राहिला. “एवढे मोठे सर चुकले?”

“चुकले. त्यांच्यानंतरच्यांनीही प्रयत्न केले, तेही अडकले. पण त्यांनी लिहून ठेवलं म्हणून दुरुस्त तरी करता आलं. नसतं लिहिलं तर कुणी दुरुस्त काय करणार?”

“म्हंजे चुकायला परवानगी हाय.”

“गणितात आहे.”

“बाकीच्यात?”

मी घड्याळाकडे बघितलं. “बस गेली वाटतं.”

“दुसरी येईल सव्वापाचला. पण तिला बसाय मिळत न्हाई.”

“इथे मिळतंय ना,” मी म्हणाले. आणि मग आम्ही दोघंही पावाकडे लक्ष देऊन खात राहिलो.

ग्वाल्हेरचा फलक त्याचा सगळ्यात आवडता. तिथल्या किल्ल्यावर एक लहानसं देऊळ आहे आणि त्याच्या भिंतीवर साडेअकराशे वर्षांपूर्वी कोरलेला लेख. देवासाठी फुलबाग दिली, दोनशे सत्तर हात लांब, आणि त्या बागेतून देवाला रोज पन्नास माळा. त्या सत्तरात आणि पन्नासात आपल्या आजच्यासारखं गोल शून्य आहे.

“म्हंजे फुलांपायी कोरलं गेलं,” भैरू म्हणाला. “कोरलं कुणी?”

“दगडफोड्या असेल कुणी. नाव नाही.”

“नसणारच.” तो त्या चित्राजवळ वाकला. “हात बगा त्याचा. श्वास धरलेला हाय.”

त्या फलकाच्या चारी बाजूंनी त्याने न सांगता अबोलीच्या फुलांची किनार काढली.

“ग्वाल्हेरला अबोली होती का, भैरू?”

“तिथली फुलं मला म्हाईत न्हाईत,” तो खाली बघत म्हणाला. “तुमच्या केसातली म्हाईत हाईत.”

मी केसातली माळ उगीचच सारखी केली.

आता सावंतवाडीचं सांगायला हवं. माझा शंभूमामा दर दोन महिन्यांनी एक स्थळ आणायचा. अकरा जण बघून गेले होते. कुणाला रंग खटकला, कुणाला उंची, कुणाला माझी नोकरी, आणि दोघांना मी नकार दिला तर आई आठ दिवस बोलली नाही. बारावा सावंतवाडीचा, बँकेतला. बोलायला सौम्य, चष्म्यामागे बरे डोळे. त्यांनी होकार कळवला. आमचं उत्तर प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी अकरा वाजता घ्यायला येणार होते. त्या माणसात दोष काढण्यासारखं काही नव्हतं, हाच मला त्रास होता. मी इतकी दमले होते की हो म्हणणं सोपं वाटत होतं. हो म्हटलं की रोजची दोन बसची वारी संपणार, आईची काळजी संपणार, मामाचं येणं संपणार.

आणि भैरूचं काय? भैरूने तर काही म्हटलंच नव्हतं. एक फडकं आणि थोडी अबोली, एवढ्यावर कुणी स्थळ मोडत नाही. शिवाय आमच्याकडे घाटावरून आलेल्याला ‘घाटी’ म्हणतात. त्याला अंगणात चहा मिळतो, पण घराच्या सोप्यावर, ओसरीत, बसायला कदेल, म्हणजे साधी खुर्ची, कुणी देत नाही. हे मला ठाऊक होतं आणि भैरूला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी शेवटचा फलक बघायला गेले. बाहेर अवकाळी पाऊस पडत होता. तांबडी धूळ रस्त्यावरून ओघळून गटारात चालली होती. पेशावरजवळ बख्शाली नावाच्या गावात एका शेतकऱ्याला जमीन खणताना भूर्जपत्रं सापडली होती. त्यांवर जुनी गणितं आहेत आणि त्यांत शून्यासाठी गोल नाही, ठिपका आहे. नुसता भरीव ठिपका. माझ्या सगळ्या फलकांत तोच महत्त्वाचा होता.

भैरूने तो उभा करून ठेवला होता. भूर्जपत्राचा रंग हुबेहूब. अक्षरं हुबेहूब. मी जवळ गेले... मग आणखी जवळ गेले.

“भैरू, ठिपके कुठे आहेत?”

“पुसले,” तो अभिमानाने म्हणाला. “लई घाण व्हती या झेरॉक्सला. चौदा डाग मोजले मी. एक ठेवला न्हाई.”

मी स्टुलावर बसले. हसू फुटलं ते थांबेना. पोट धरून हसले. शून्याच्या इतिहासातली सगळी शून्यं माझ्या पेंटरने माझ्याच आज्ञेवरून साफ केली होती. भैरू गोंधळून आधी हसला, मग घाबरला, कारण तोवर मी रडायला लागले होते.

“टीचर... काय चुकलं?”

“ते ठिपकेच शून्य होते, भैरू. चूक माझी. मी सांगितलं नाही.” मी डोळे पुसले, पिवळ्या फडक्याने. “मी फार दमलेय.”

तो उठला. सगळ्यात बारीक ब्रश घेतला, काळ्या रंगात बुडवला आणि फलकासमोर उकिडवा बसला. “दाखवा कुठं कुठं.”

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. झेरॉक्स एका हातात, दुसऱ्या हाताचं बोट पत्र्यावर. “इथे.” त्याने श्वास रोखला, ठिपका ठेवला, श्वास सोडला. “इथे.” बाहेर पाऊस पडत होता, त्याच्या खांद्याला टर्पेंटाइनचा वास येत होता. “आणि इथे, या दोनच्या पुढे.” सातव्या ठिपक्याला आमची बोटं एकमेकांना लागली. दोघांनीही लगेच काढली नाहीत.

दहाव्या ठिपक्याला मी म्हणाले, “सावंतवाडीचं एक स्थळ आहे. रविवारी अकराला उत्तर घ्यायला येणार आहेत.”

ब्रश हवेत थांबला.

“माणूस चांगला हाय?”

“चांगला आहे.”

त्याने अकरावा ठिपका ठेवला. मग बारावा. मी वाट बघत होते. तेरावा. चौदावा ठेवून त्याने ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला आणि कितीतरी वेळ ढवळत राहिला.

“झालं, टीचर,” तो म्हणाला. “दमट हवा हाय, वाळाय वेळ लागंल. सकाळी मीच आणून ठेवतो शाळेत.”

मी छत्री उघडली आणि निघाले. वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि वळून बघितलं. तो माझ्याकडे पाठ करून उभा होता.

शनिवारी प्रदर्शन झालं. सहा फलक मी जायच्या आधीच भिंतीला लागलेले होते. भैरू आला तसाच निघून गेला, असं शिपाई म्हणाला. मुलं आली, पालक आले. कुणी विचारलं की फलक कोकणीत का नाहीत, कुणी विचारलं की इंग्रजीत का नाहीत. मी एकच गोष्ट तिसाव्यांदा सांगत होते आणि माझाच आवाज मला लांबून ऐकू येत होता.

दुपारी एक म्हातारे पाहुणे आले. काठी टेकत टेकत सगळे फलक बघितले आणि म्हणाले, “बाई, एक सांगा. काहीच नाही, तर त्याला खूण कशाला हवी? जागा कोरी सोडली की झालं.”

“नाही चालत,” मी म्हणाले. “कोऱ्या जागेचे दोन अर्थ होतात. इथे काही नाही, असाही होतो. लिहिणारा विसरला, असाही होतो. वाचणाऱ्याने काय समजायचं? नाही असेल तर नाही असं मांडावं लागतं. ते मांडायला माणसाला हजारो वर्षं...”

मी मध्येच थांबले. म्हातारे माझ्याकडे बघत राहिले. “पुढे?” ते म्हणाले.

“पुढे मला जरा जायचंय,” मी म्हणाले.

चार वाजता मी भैरूच्या दुकानात होते. तो एका जीपची प्लेट रंगवत होता. मी स्टुलावर बसले नाही.

“भैरू, काल मी तुम्हाला स्थळाचं उगीच सांगितलं नाही. तुम्ही काहीतरी बोलावं म्हणून सांगितलं. तुम्ही गप्प राहिलात. तुमच्या मनात नसेल तर नाही म्हणा. मी ऐकीन, घरी जाईन आणि उद्या हो सांगून टाकीन. पण कोरी जागा सोडू नका. मला ती वाचता येत नाही आणि वाचायची ताकदही उरली नाही. माझ्या मनात आहे, म्हणून मी सांगायला आले. झालं माझं.”

एवढं एका दमात म्हणून झालं. मग मी स्टुलावर बसले.

भैरूने ब्रश खाली ठेवला. त्याच्या कपाळावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका होता.

“माझ्या मनात कवापास्नं हाय ते विठ्ठलला इचारा,” तो हळू म्हणाला. “त्या दिसापास्नं त्याच्या गाडीचं शून्य मला तीनदा पुसावं लागलं. मन जाग्यावर नसलं की पोट सुटतं त्याचं. पण टीचर, मी घाटी माणूस. सातवी शिकल्याला. तुमच्या घरी मला कदेलावर कोण बसवणार? तुमचं चांगलं हुतंय तितं मी मधी कशाला येऊ, म्हणून गप बसलो.”

“माझं चांगलं कशात आहे ते मी ठरवीन. तुम्ही फक्त सांगा.”

“मला बोलाय येत न्हाई.”

“मग लिहा.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मग प्लेटच्या पत्र्याचा एक तुकडा ओढला, फडक्याने पुसला, पिवळ्याच, आणि विचारलं, “पेडण्याला सकाळची बस कवा पोचती?”

“नऊला.”

तो लिहायला बसला. काळ्या रंगात, मोठ्या वळणदार अक्षरांत. ‘उद्या नऊच्या बसने येतो.’ मग लाल रंग घेऊन प्रत्येक अक्षराला सावली द्यायला लागला.

“सावली कशाला आता?”

“सवय हाय.” सावली पुरी करून तो थांबला. “खाली नाव लिवू काय?”

कोपऱ्यातलं नाव मीच एकदा पुसायला लावलं होतं. “लिहा,” मी म्हणाले.

तो ओला पत्रा घेऊन मी दोन बसगाड्यांतून पेडण्याला गेले. रंग वाळायचं नाव घेत नव्हता. छातीशी धरावा तर साडी जाणार, उलटा धरावा तर मांडीवर उमटणार. अक्षरं लोकांकडे करून धरण्यावाचून इलाज नव्हता. म्हापसा येईपर्यंत सगळ्या बसने तो वाचला. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, “टीचर, कोण येता गो?” मी खिडकीबाहेर बघितलं. दमणूक होतीच, पण निराळी. डोंगर चढून आल्यावर पाय दुखतात तशी.

दिवेलागणीला घरी पोचले. आई तुळशीपाशी उभी होती.

“आज वेळ जालो गो,” ती म्हणाली, आणि मग तिचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. तिने चष्मा वर करून एकेक शब्द वाचला. “हें कितें? कोण हो भैरू?”

मी सांगितलं. बॅबिलोन वगळून सगळं. आई दारातल्या पायरीवर बसली. “घाटावयलो?” तिने विचारलं. मी मान हलवली. ती बराच वेळ वात नसलेली पणती हातात धरून बसली होती. रडली नाही, ओरडली नाही. बारा पाहुण्यांना पोहे करून तीही दमलीच असावी. शेवटी म्हणाली, “अक्षर बरें आसा,” आणि उठून आत गेली.

रविवारी नऊच्या बसने तो आला. पांढरा शर्ट, घासून घासून धुतलेले हात, तरी नखांच्या कडांना काळा रंग. केळीच्या पानात गुंडाळलेली अबोलीची माळ होती. ती त्याने मला दिली नाही, आईच्या हातात दिली.

“ग्वाल्हेराला रोज पन्नास व्हत्या,” तो घाबरून म्हणाला. “म्हापशाच्या बाजारात आज एकच मिळाली.”

आईला त्यातलं अक्षरही कळलं नाही. तिने माळ हुंगली, देव्हाऱ्यावर ठेवली. परत बाहेर आली तर तो अंगणातच उभा होता, चपला काढून, एखाद्या वर्गाबाहेर उभं केल्यासारखा. आईने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मी खांबाला धरून उभी होते.

“उबो कित्याक?” आई म्हणाली. “वयर यो. कदेलार बस.”

साडेदहाला शंभूमामा आला, तेव्हा भैरू सोप्यावर कदेलात बसून चहा पीत होता. मामाने त्याला सावंतवाडीकडून आलेला कुणी पाहुणा समजून नमस्कार केला. पुढचे सहा महिने मामा आमच्या घरी फिरकला नाही. सावंतवाडीच्या माणसाला नाही म्हणताना मला वाईट वाटलं. मी त्यांना स्वतः सांगितलं, स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं सांगितलंत,” आणि मला वाटतं, ते मनापासून म्हणाले.

आता नंबर प्लेट कुणी हाताने रंगवत नाही. मशीनवर कापलेले आकडे चिकटवतात, त्यांची शून्यं सगळी सारखी. तो पत्रा मात्र डिचोलीच्या आमच्या घरात, बाहेरच्या दाराजवळ अजून लटकतोय. ‘येतो’च्या पुढे एक काळा गोल डाग आहे. बसमध्ये ओल्या रंगाला माझा अंगठा लागला होता, त्याचा. दर दिवाळीला भैरू पत्र्याला नवा हात देतो, अक्षरं उजळतो, सावली भरतो, आणि तेवढी जागा वळसा घालून सोडतो.

एकदा मी म्हटलं, “तो डाग तरी पुसा आता. किती वर्षं झाली.”

त्याने ब्रश कानावर ठेवला. “न्हाई टीचर,” तो म्हणाला. “एकदा पुसून बगितलेत मी. ठिपके पुसायचे न्हाईत.”